सुर्वे वकील आणि उंबरकोंडचं आकाश

अब्बास सुर्वे वकिलांनी पोलादपूरच्या डोंगरात ड्रोन आणला तो बांधाचे दावे मिळावेत म्हणून, असं महाडच्या कोर्टाबाहेरच्या टपरीवर आजही कोणी ना कोणी सांगतं. सांगणारा चहा पीत असतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि वकील गेल्याचं दोघांनाही थोडंसं वाईट वाटतं. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण पहिल्यांदा ती मीच बोललो. तेव्हा आधी ती खोडून टाकतो आणि मग वकिलांबद्दल सांगतो. माणूस या एका वाक्यापेक्षा बराच मोठा होता. आकारानेसुद्धा.

एप्रिल-मे महिन्यांत महाडला माणूस बनियनवर बसूनही घामाने निथळतो. त्या दिवसांतही वकील काळा कोट घालून बाजारात हिंडत. केसांना काळा कलप असे. कलप लावलेल्या दिवशी कपाळावर एक काळी रेघ उरायची आणि त्या दिवशी ते न्यायाधीशांशी जरा तिरके उभे राहून बोलायचे. कोटाच्या खिशात खजूर. धाकटा भाऊ कुवेतला होता, तो पेट्या पाठवायचा. खजूर खाऊन झाला की बी कुठे टाकायची हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. समोरच्या पक्षाच्या वकिलाचं टेबल जवळच असायचं.

आडनाव सुर्वे आणि नाव अब्बास, यामुळे बदलून आलेला नवा अधिकारी हमखास गोंधळायचा. "सुर्वे म्हणजे... आपल्यातलेच का?" असं एकाने चाचरत विचारलं होतं. वकील म्हणाले, "पूर आला की सगळे आपल्यातलेच, साहेब. पाणी ओसरलं की पुन्हा विचारा."

ते केसेस जिंकण्यापेक्षा हरायचेच जास्त. पण हरलेला पक्षकार हसत घरी जायचा, कारण समोरच्या पक्षाची भर कोर्टात पोटभर चेष्टा झालेली असायची. निकाल काय, वरच्या कोर्टात बदलता येतो. चेष्टा कायम राहते, असं त्यांचं म्हणणं.

'सक्त मनाई' या शब्दांवर त्यांचा फार राग. पाटी दिसली की गाडी थांबवून वाचायचे. "ज्याला नियम करता येत नाही तो मनाई करतो," असं म्हणायचे, "आणि ज्याला मनाईही राबवता येत नाही तो सक्त मनाई करतो." नियम करायचा तर तो बाजारात उभ्या उभ्या सांगता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांची एक परीक्षा होती, तिचं पुढे सांगतो.

मी निवृत्त हेडमास्तर. पुरानंतर आम्ही गावातल्या काही जणांनी एक नागरिक समिती काढली होती. वकिलांचा आवाज सगळ्यांत मोठा म्हणून ते अध्यक्ष, माझं अक्षर बरं म्हणून मी सचिव. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "हेडमास्तर, लिहा," एवढंच. मी लिहायचो.

ड्रोनचं प्रकरण सुरू झालं ते माझ्यापासून, आणि तेही फार लाजिरवाण्या पद्धतीने. गुडघ्यांसाठी थंडीत मी जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर जातो. त्या दिवशी सकाळी पंचा नेसून पाण्यात बसलो होतो, तोच डोक्यावर घूं घूं आवाज सुरू झाला. मला वाटलं गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलं. मी जो उठून पळालो तो पायऱ्या चढून थेट रस्त्यापर्यंत. मी पोचलो, पंचा पोचला नाही. वर ड्रोन होता. पोलादपूरच्या रेश्माचा. तिशीची मुलगी, वडिलांचा फोटो स्टुडिओ चालवायची, एका लग्नाच्या व्हिडिओसाठी परिसर टिपत होती. मी महाडला परत येईपर्यंत माझी धाव माझ्याआधी गावात पोचली होती.

मी तडक वकिलांकडे गेलो. केस करायची म्हणालो. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. कायद्याच्या दृष्टीने बारकाईने पाहावं लागतं म्हणून आणखी एकदा पाहिला. मग रेश्माला बोलावून घेतलं, माझी माफी मागायला लावली, व्हिडिओ जिथे जिथे पाठवला होता तिथून काढायला लावला. तिच्या यंत्राची नोंदणी नव्हती, तिच्याकडे चालवण्याचा दाखला नव्हता. "बाई, तू वैमानिक आहेस," ते तिला म्हणाले, "लग्नातली असलीस तरी. आधी शिकून ये." ती खरंच जाऊन प्रशिक्षण घेऊन आली.

इथवर सगळं चोख झालं. पण समितीच्या पुढच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा वकिलांना राहवलं नाही. खजूर चघळत म्हणाले, "हेडमास्तरांच्या बाबतीत ड्रोनने नवीन असं काहीच उघड केलेलं नाही." सगळे खो खो हसले. मीही हसलो. हसल्यावर घरी जाऊन दोन दिवस कोणाशी बोललो नाही, हेही इथे नोंदवतो.

त्या माझ्या पंच्यावरून वकिलांना ड्रोनच्या कायद्याचं वेड लागलं. केंद्राचे नियम त्यांनी आणून वाचले. आकाशाचा नकाशा असतो, त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग असतात, हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी न मागता उडवता येतं, हे ते टपरीवर, कोर्टात आणि एकदा मयताच्या घरीही समजावून सांगत बसले. "नियम चांगले आहेत हो," म्हणायचे. "पण लिहिणाऱ्याने वरून पाहिलंय. खालून वर बघणाऱ्या माणसाचं काय? त्याला कसं कळायचं की हा लग्नाचा आहे, मोजणीचा आहे की चोराचा?"

चोराचं त्यांनी उगाच काढलं नव्हतं. त्या सुमाराला ड्रोनवाले चोर आल्याची आवई उठली होती. आधी ड्रोन येतो, घरं हेरतो, मग चोर येतात. आमच्याकडे लोक लुकलुकणारं विमान दिसलं तरी काठ्या घेऊन बाहेर पडत. अशात रेश्मा आंबेनळी घाटात एका नवरा-नवरीचे फोटो काढायला गेली. भर दुपारी. घाटाखालच्या वाडीतल्या लोकांनी तिला, नवरीला आणि शेरवानीसकट नवऱ्याला घेरलं आणि वकिलांना फोन आला.

वकील मला घेऊन तिथे पोचले. गाडीतून उतरले, कोटाची बटणं लावली आणि जमावाची उलटतपासणी सुरू केली.

"चोर कोण?"

"ह्या काय! ही बाई! हिच्या हातात ड्रोन हाय!"

"ड्रोन केवढ्याला मिळतो, ठाऊक आहे? दुभती म्हैस येईल. एवढं महागाचं यंत्र घेऊन चोर तुमच्या वाडीत येईल? तुमच्या घरात आहे काय चोरण्यासारखं?"

जमाव एकदम बिथरला. एक म्हातारा काठी आपटत पुढे आला. "म्हंजे? आमच्या घरात चोरण्यासारखं काय नाय? आमी काय भिकारी हाय? माज्या सुनेच्या अंगावर बघा जा सोनं!"

"कुठे ठेवता?"

"ते का सांगू तुमाला?"

"तेच म्हणतो," वकील म्हणाले. "मला सांगत नाही, मग ड्रोनला कोण सांगणार? कौलं काढून बघणार आहे तो?"

कोणीतरी हसलं. हसू आलं की जमाव मोडतो, हे वकिलांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्याच म्हाताऱ्याने सगळ्यांना चहा पाजला. पण परतताना गाडीत वकिलांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "चूक त्यांची नाही, हेडमास्तर. डोक्यावर कोणी न सांगता फिरायला लागलं तर मीही दगड घेतला असता. सांगायला नको? दारावर येणारा भिकारीसुद्धा आधी हाक मारतो."

तिथून त्यांचा नियम सुरू झाला. कच्चं काही लिहून झालं की ते मला घेऊन थेट मासळी बाजारात जात. तिथे हमीदाबी बसायची, त्यांच्या लांबच्या नात्यातली. तीच ती परीक्षा.

"हमीदा, ऐक. ड्रोन उडवायच्या आदल्या दिवशी गावात पुकारा करायचा, कशासाठी उडवणार तेही सांगायचं. कळलं?"

"कळलं. बांगडा देऊ?"

"थांब गो. उडवणाऱ्याने भडक कपडे घालून सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं."

"राहूं दे उभा. बांगडा देऊ का?"

"मानवरहित विमानप्रणालीच्या परिचालकाने संबंधित प्राधिकरणाकडे..."

"अब्बास, गिऱ्हाईक खोळंबलंय. सरक बाजूला."

ते वाक्य त्यांनी माझ्याकडून तिथेच खोडून घेतलं. त्या कागदाला घरी कित्येक दिवस मासळीचा वास येत होता.

"हे गावाला करता येतं का? आकाश तर केंद्राचं," मी शंका काढली होती. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते नंतर त्यांच्या तोंडी सारखं असायचं. "उडतं तिथे दिल्ली, उठतं-बसतं तिथे ग्रामपंचायत. यंत्र कुठल्या तरी जमिनीवरूनच वर जाणार ना? त्या जमिनीचा मालक म्हणेल तसं वागावं लागेल."

नियम पहिल्यांदा लावायचा होता उंबरकोंडात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी चिकटलेली वाडी. वरचा उतार पावसाळ्यात सरकतो की काय अशी तिथल्या लोकांना दरवर्षी धास्ती. चढून बघणं अवघड, आणि वरून आलेली माती खालच्यांना विचारून येत नाही. वकिलांचं म्हणणं साधं होतं. रेश्माने पावसाळ्याआधी आणि पावसाच्या उघडिपीत ड्रोनने उतार टिपावा, भेगा दिसल्या तर वाडी हलवावी. तेवढ्यासाठी गावाने ड्रोनला आपलं म्हणावं.

ग्रामसभा भरली. पुकारा आणि भडक कपडे ही दोन वाक्यं लगेच पास झाली. तिसरं वाक्य असं होतं की जे टिपलं ते त्याच दिवशी शाळेच्या पडवीत सगळ्यांना दाखवायचं, आणि ज्याला आपलं चित्र नको असेल त्याचं तिथल्या तिथे पुसायचं. चौथं वाक्य वकिलांनी स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतलं. दरडीसाठी घेतलेलं चित्रण बांधाच्या भांडणात कोणी वापरायचं नाही.

"हे कोर्टात टिकेल का?" सरपंच सुनंदाताईंनी विचारलं.

"टिकेल की नाही, खात्री नाही," वकील म्हणाले. "पण असली केस मी घेणार नाही, आणि महाडात माझ्याशिवाय असली केस घेणारा मूर्ख नाही."

पहिलं चित्रण झालं त्या संध्याकाळी पडवीत चादर बांधून सगळे जमले. चादरीवर आपलं गाव वरून दिसल्यावर सगळे पुढे सरकले. मग एक बाई म्हणाली, "गो, ती आपली कौलं बघ. तरी ह्यांना सांगत व्हते, बदला म्हणून." दुसरी तिच्या शेजारणीला म्हणाली, "अन् तुजं कुंपण माज्या आंब्याच्या अल्याड कवा आलं गो?" पाच मिनिटांत पडवीत इतका कालवा झाला की चादर सुटून पडली. कोणाची पडवी गावकीच्या जागेत, कोणाचा गोठा वाटेवर, सगळं उघडं. सगळ्यांत उठून दिसत होता मोरेशेठचा बंगला. मोरेशेठ मुंबईत टॅक्सी चालवता चालवता टॅक्स्यांचे मालक झालेले, गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या बंगल्याचं आवार देवळामागच्या मोकळ्या जागेत चांगलंच शिरलं होतं.

वकील उठले, चादर पुन्हा बांधायला लावली. रेश्माने वरच्या उतारावर चित्र थांबवलं. गवतातून एक बारीक काळी रेघ आडवी गेली होती. वकिलांनी तिच्यावर बोट ठेवलं. "ही रेघ कोणाच्या बांधाची?"

"कोणाचीच नाय," एकजण म्हणाला.

"मग सगळ्यांची," वकील म्हणाले. पाऊस लागला की ही भेग रुंदावते का ते दर उघडिपीत बघायचं, असं ठरलं.

आता वकिलांची चूक सांगतो, कारण त्यांचीही एक होती. आमच्या या डोंगरातल्या गावांची घरं इथे असतात आणि सरकार मुंबईत. कोणत्या तरी शाळेच्या हॉलमध्ये रविवारी मुंबई मंडळाची मीटिंग होते आणि तिथे ठरल्याशिवाय देवळाला रंगसुद्धा लागत नाही. सुनंदाताई म्हणाल्याही होत्या, "वकीलसाहेब, येक डाव मुंबईला जाऊन या. मंडळाच्या कानावर घाला." वकील म्हणाले, "कायद्यात ग्रामसभा आहे. मुंबई मंडळ कुठल्या कलमात आहे ते दाखवा." ते गेले नाहीत. मंडळाला न विचारता गावाचं आकाश दिलं, हे मंडळाला लागलं.

आणि मग मोरेशेठ मला एसटी डेपोच्या कॅन्टीनमध्ये भेटले. गावाहून परत निघाले होते. समोर येऊन बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, वकिलाला यात काय मिळतं?"

त्याच सकाळी वकिलांनी शाळेच्या विश्वस्तांसमोर पुन्हा एकदा माझा पंचा काढला होता. म्हणजे त्याची गोष्ट काढली होती. तो राग माझ्या डोक्यात होता. मी म्हणालो, "मिळायचं काय? बांध दिसले की भांडणं, भांडणं झाली की वकील." आणि वर हसलो.

चौथं वाक्य माझ्याच अक्षरात होतं. शिवाय उंबरकोंडचे दोघे भाऊ बांधाचा वाद घेऊन त्यांच्याकडे आले होते, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. वकिलांनी त्यांना बसायलासुद्धा सांगितलं नाही. "तुमचा बांध मी आकाशातून पाहिलाय. मी बाद. दुसरा वकील बघा," म्हणून परत पाठवलं. हे सगळं माहीत असून मी बोललो.

माझं वाक्य मोरेशेठबरोबर मुंबईला गेलं आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून गावात परत आलं, तेव्हा ते चांगलंच बाळसं धरून आलं होतं. वकिलाने सर्व्हे नंबर काढून ठेवलेत, वकिलाचा भाऊ कुवेतहून जमिनी घेणार आहे, वगैरे वगैरे. रविवारी मंडळाची मीटिंग झाली आणि उंबरकोंडच्या फाट्यावर पाटी लागली. 'ड्रोन उडवण्यास सक्त मनाई.'

रेश्माने मला फोन करून सांगितलं. वकिलांना सांगायला मी गेलो. ते पाटीचे शब्द ऐकून खदखदून हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. "आणि ती रेघ?" एवढंच विचारलं.

पाऊस लागला. वकील उंबरकोंडला फोन करायचे, मुंबईला फोन करायचे. मोरेशेठ म्हणायचे, बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ. एका उघडिपीच्या दिवशी वकील कोट चढवून, छत्री घेऊन स्वतःच उंबरकोंडला गेले. पुढचं मला सुनंदाताईंनी सांगितलेलं.

"वकीलसाहेब, तुमी नका येऊ वर. वाट निसरडी हाय."

"पाटीवर ड्रोनला मनाई आहे. वकिलाला आहे?"

"नाय."

"मग चला."

त्या वाटेने ते कसे चढले देव जाणे. घरच्या माडीवर जाताना मध्ये एकदा बसणारा माणूस. सुनंदाताई पुढून ओढत होत्या, दोघे मागून ढकलत होते आणि मधे वकील ढकलणाऱ्यांच्या सात पिढ्या काढत होते. वर पोचल्यावर त्यांनी कोटाची बाही मागे सारली आणि त्या भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. ते उठले, खाली वाडीकडे तोंड केलं आणि ओरडायला लागले. कोर्टात इतकी वर्षं वाया गेलेला तो आवाज तिथे कामी आला. वाडी रिकामी झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं त्यांनी वरून जाहीर केलं आणि भेगेपासून थोड्या अंतरावर बसकण मारली.

खाली लोकांची चर्चा सुरू झाली. जावं की न जावं. गुरांचं काय, भाताचं काय. शेवटी एक म्हातारा वर बघून म्हणाला, "आरं, त्यो तिथं बसला तर त्याच्याच वजनानं खाली येल डोंगर. चला." तेवढं सगळ्यांना पटलं. गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन वाडी नाल्यापलीकडच्या शाळेत गेली.

उतरताना वकिलांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

नंतरच्या मोठ्या पावसात उतार खाली आला. घरं गेली, गोठे गेले, मोरेशेठचा बंगला आवारासकट गेला. माणसं आणि गुरं शाळेत होती, ती राहिली. जिथे वाडीचे अंगण-ओटे होते तिथे लाल माती आणि उलटी झाडं. मी ते पाहून आलो आणि वकिलांना भेटायला दवाखान्यात गेलो. कॅन्टीनमधलं ते वाक्य माझं होतं, हे सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. "हेडमास्तर, दावा लावायचा झाला तर कोणावर लावू? पाय माझा, चिखल गावाचा, पाऊस देवाचा. समन्स कोणाला काढणार?" असं म्हणून नर्सला खजूर देऊ लागले. बी तिच्या ट्रेमध्ये. मी बसलो आणि उठून आलो.

दिवाळीनंतर उंबरकोंडची ग्रामसभा पुन्हा भरली. लोक शाळेवरच्या टेकाडावर पत्र्याच्या खोल्यांत राहत होते. उरलेल्या उताराचं काय करायचं, पुन्हा वस्ती कुठे करायची, हे ठरवायला तो डोंगर आधी नीट बघणं भाग होतं, आणि बघायचा तर ड्रोनशिवाय इलाज नव्हता. या वेळी मोरेशेठही मंडळाचे चारजण घेऊन आले होते. वकिलांना चालता येत नव्हतं. खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी त्यांना वर आणलं. अंग पार उतरलं होतं, कोट खांद्यावरून लोंबत होता, कलप लावणं बंद झालं होतं. पांढऱ्या केसांचे वकील मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांनी तीच चार वाक्यं वाचून दाखवली. चौथं वाक्य संपलं तसा मागून एकजण उठला.

"वकीलसाहेब, राग मानू नका. पण मुंबईत बोलतात, बांधाचे दावे तुमालाच पायजेत म्हणून तुमी ह्या आणलंत."

"कोण बोलतं?"

उठलेला माणूस खाली बसला. मोरेशेठ मोबाईलमध्ये बघत होते. हे वाक्य आपल्याला कोणाकडून मिळालं ते बहुधा त्यांच्या लक्षातही राहिलं नसावं. वकिलांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"हेडमास्तर, तुम्ही सचिव. सुरुवातीपासूनचं सगळं तुमच्या हातचं. याबाबत तुम्हाला काही सांगायचंय?"

सांगायचं होतं ते फार थोडं होतं. दोन भाऊ आले होते, ते परत पाठवले, एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. ते दोघे भाऊ तिथेच, तिसऱ्या रांगेत, एकमेकांपासून लांब बसलेले होते. पण तेवढं सांगितलं की ही गोष्ट निघाली कुठून, हे कोणी तरी विचारलं असतं.

"विशेष काही नाही," मी म्हणालो.

"लिहा," वकील म्हणाले. "सचिवांना विशेष काही सांगायचं नाही."

मी लिहिलं.

मग गावाने आपसांत बोलून ठरवलं. चारही वाक्यं मान्य. पाटी काढायची. रेश्माने उडवायचं. फक्त एक वाक्य गावाने आपलं घातलं. ड्रोनचं बघायला जी कमिटी नेमायची, तिच्यात वकील नकोत. ज्याचा त्यात फायदा असण्याची शंका आहे, त्याने त्यात असू नये. ते सांगताना सुनंदाताईंचा आवाज खाली गेला होता. "म्या नको म्हणत व्हते, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या.

वकिलांनी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकलं, हमीदाबीसमोर स्वतःची वाक्यं पारखत तसं. मग म्हणाले, "नियम चांगला आहे. मीच घालायला हवा होता, माझ्या डोक्यात आला नाही. हात वर करा." आणि पहिला हात त्यांनी स्वतःचा वर केला, तेव्हा सुनंदाताईंनी त्यांना सांगितलं की तुम्ही या गावचे नाही, तुम्हाला मत नाही. "तेही बरोबर," म्हणून त्यांनी हात खाली घेतला.

हात वर झाले. माझं लिहून झालं.

पुकारा आदल्या दिवशीच झालेला होता. रेश्मा नारिंगी जाकीट घालून पटांगणाच्या मधोमध उभी राहिली आणि ड्रोन उठला. सगळं गाव माना वर करून बघायला लागलं. मोरेशेठ, बायका, ते दोघे भाऊ, सगळे. वकिलांना घेऊन जाणारे चौघे तेवढ्यात खुर्ची उचलून टेकाड उतरायला लागले होते. पुढच्या दोघांपैकी एकजण वर बघण्याच्या नादात अडखळला. खुर्ची कलली. वकील छत्रीने त्याच्या पाठीत ढोसत ओरडत होते, "वर काय बघतोस मेल्या, खाली बघ, खाली! तुझं काम खाली आहे!" तो हसला, मागचे हसले. वकील मात्र एकदाही वर बघत नव्हते. आता ते त्यांचं काम नव्हतं. वळणावर खुर्ची थांबली, खांदे बदलले गेले, पांढरं डोकं एकदा डावीकडे कललं, कोणाला तरी खजूर दिला असावा, आणि मग बांबू पुन्हा उचलले गेले. पटांगणातल्या सगळ्यांचे डोळे आकाशात होते. त्या वाटेकडे बघणारा मी एकटाच होतो.